नेड केलीला भाकरी कोणी पोचवली? (ऑस्ट्रेलियातल्या बुशरेंजरांविषयी)

माळावरचा (धागाकर्ता)

मेलबर्नपासून दोनशे किलोमीटरवर बेनाला नावाचं गाव आहे. तिथल्या छोट्या संग्रहालयात काचेआड एक हिरवा रेशमी पट्टा ठेवलाय, कमरेला बांधायचा, टोकांना सोनेरी झालर. त्यावर काळपट पडलेले डाग आहेत. ते रक्ताचे आहेत.

पट्ट्याची गोष्ट अशी. १८६५ च्या सुमारास अ‍ॅव्हनेल गावातल्या ओढ्यात रिचर्ड शेल्टन नावाचा एक लहान मुलगा बुडत होता. दहा-अकरा वर्षांच्या नेड केलीने उडी मारून त्याला बाहेर काढलं. मुलाच्या घरच्यांनी कौतुकाने त्याला हा पट्टा दिला. पुढे पंधरा वर्षांनी, २८ जून १८८० ला, पोलिसांशी शेवटची चकमक झाली तेव्हा नेडने लोखंडी चिलखताच्या आत हाच पट्टा बांधला होता. मी त्या काचेपुढे बराच वेळ उभा होतो. तेव्हापासून हा धागा डोक्यात आहे.

बुशरेंजर म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रानाच्या, 'बुश'च्या आसऱ्याने राहून वाटमारी करणारे. सुरुवातीचे बहुतेक सगळे पळालेले कैदी. पुढे १८५१ नंतर सोनं सापडलं, खाणींवरून सोन्याच्या गाड्या निघायला लागल्या आणि इथेच जन्मलेली, घोड्यावर वाढलेली पोरं यात उतरली. नेड हा त्यांतला शेवटचा मोठा. पण मला चकमकींपेक्षा त्याच्या घरच्या जमिनीबद्दल लिहायचंय, कारण सगळं तिथून सुरू होतं.

नेडचा बाप जॉन ऊर्फ रेड केली, आयर्लंडमधल्या टिपेररीचा. दोन डुकरं चोरली म्हणून सात वर्षांची शिक्षा होऊन टास्मानियात धाडलेला. सुटल्यावर व्हिक्टोरियात आला, लग्न केलं, पोरंबाळं झाली आणि १८६६ मध्ये वारला. आई एलन मुलांना घेऊन ग्रेटाजवळ एलेव्हन माइल क्रीकवर आली आणि सरकारकडून ८८ एकरांचा तुकडा घेतला. असा तुकडा घेणाऱ्यांना 'सिलेक्टर' म्हणत. अटी कडक होत्या: राहायला घर बांधा, कुंपण घाला, ठरलेला भाग नांगरटीखाली आणा, दरसाल भाडं भरा. नाही जमलं तर जमीन गेली.

त्यांच्या आधीपासून हजारो एकरांवर मेंढ्या चारणारे जे बडे लोक होते त्यांना 'स्क्वॉटर' म्हणत. जमिनी सिलेक्टरांना खुल्या करायचा कायदा आला तेव्हा या मंडळींनी दुसऱ्यांच्या नावावर अर्ज करून नदीकाठचे, पाणवठ्याचे तुकडे आधीच उचलले. त्याला 'पीकॉकिंग' हा शब्दच पडला, मोराच्या पिसाऱ्यातले नुसते डोळे वेचून घ्यावेत तसं. पाणी एकाकडे आणि मागचा माळ दुसऱ्याकडे. त्या माळावर गहू पेरून कर्ज फेडायचं होतं.

आणि कोंडवाडा. हा भाग वाचताना मी चमकलो. सिलेक्टराचं जनावर कुंपण ओलांडून स्क्वॉटरच्या रानात गेलं, कधी तर नुसतं रस्त्यावर सापडलं, की कोंडवाड्यात. सोडवायला दंड भरा. दंड भरायला पैसे नाहीत, मग जनावराचा लिलाव. नेड केलीने पुढे आपली कैफियत लिहून घेतली त्यात बड्या जमीनदारांची नावं घेऊन कोंडवाड्याचा राग काढलाय. आपल्याकडचा कोंडवाडाही १८७१ च्या कायद्यातला, म्हणजे त्याच इंग्रजी अमलातला आणि त्याच दशकातला. माझ्या आजोबांचा एक खोंड असाच कोंडवाड्यात गेला होता. सोडवायला पैसे जुळेस्तोवर चार दिवस गेले, आणि तो घरी आला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या असं आजी सांगायची. त्या घरात शेवटपर्यंत तो राग निवला नाही. म्हणून ग्रेटातल्या त्या लोकांचा राग मला पुस्तकातला वाटत नाही.

आता मुख्य घटना. १५ एप्रिल १८७८ ला फिट्झपॅट्रिक नावाचा कॉन्स्टेबल एकटाच, वॉरंट हातात नसताना, नेडचा धाकटा भाऊ डॅन याला घोडेचोरीसाठी धरायला केलींच्या घरी गेला. आत काय झालं यावर दोन्ही बाजूंची साक्ष वेगळी. तो म्हणाला, नेडने माझ्या मनगटावर गोळी झाडली. नेड आणि डॅन डोंगरात पळाले. पोलिसांनी आईला धरलं. न्यायाधीश रेडमंड बॅरी यांनी एलनला तीन वर्षं सक्तमजुरी दिली. कडेवर तान्ही पोर होती, तीही आईबरोबर तुरुंगात गेली. पुढे दोन वर्षांच्या आत त्या फिट्झपॅट्रिकलाच खात्याने काढून टाकलं.

ऑक्टोबरात चार पोलीस साध्या कपड्यांत केली बंधूंच्या मागावर निघाले. २६ तारखेला स्ट्रिंगीबार्क क्रीकवर नेड, डॅन आणि त्यांचे साथीदार जो बर्न व स्टीव्ह हार्ट यांनी पोलिसांच्या तळावर झडप घातली. तीन पोलीस मेले, चौथा मॅकिन्टायर घोड्यावरून निसटला. काही दिवसांतच खास कायदा झाला: या लोकांना दिसता क्षणी कोणीही गोळी घालावी, आणि आसरा देणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. बक्षीस वाढत वाढत चौघांवर मिळून आठ हजार पौंडांवर गेलं. त्या काळी एवढ्या पैशात माणसाच्या पुढच्या पिढ्यांचं भागलं असतं.

तरीही जवळजवळ वीस महिने कोणी सापडलं नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: या वीस महिन्यांत त्यांना भाकरी कोणी पोचवली? दरोडेखोर बंदुकीवर दिवस काढत नाही. त्याला पीठ लागतं, घोड्याला दाणा लागतो, पोलीस कुठल्या वाटेने गेले ते सांगणारं कोणी लागतं. ते ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल बोलूया.

---

सासवडकर

दादा, कोंडवाड्याचा परिच्छेद दोनदा वाचला. आमच्या गावातली कोंडवाड्याची पडकी भिंत अजून उभी आहे.

तुम्ही बँकांवरच्या दरोड्यांबद्दल लिहिलं नाहीत. त्यांनी बँकेतले गहाणखतांचे कागद जाळले असं मी ऐकलंय. खरं असेल तर मला लगेच सुपे आठवतं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस, कुणब्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे, खतावण्या बाहेर काढून पेटवून दिल्या. तिथून पुणे-नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झालं. रोकडीपेक्षा त्यांना कागद हवे होते. कागद दिला की अंगाला हात लावत नसत, असं बऱ्याच गावांत घडलं.

दुसरं म्हणजे साल बघा. वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन शिरूर तालुक्यात धामारीवर पहिला छापा घातला तो फेब्रुवारी १८७९ मध्ये. तेव्हा नेड केली कुठे होता?

---

माळावरचा

सासवडकर, त्याच महिन्यात नेड केली जेरिल्डरीत होता. तारखा जुळवताना माझ्याही अंगावर काटा आला.

आधी डिसेंबर १८७८ मध्ये युरोआची नॅशनल बँक लुटली, सुमारे दोन हजार पौंड. मग ८ फेब्रुवारी १८७९ च्या रात्री न्यू साउथ वेल्सच्या हद्दीतलं जेरिल्डरी. आधी पोलीस ठाणंच ताब्यात घेतलं, दोन्ही पोलिसांना त्यांच्याच कोठडीत घातलं. दुसऱ्या दिवशी रविवार. गावात चर्च नव्हतं, प्रार्थना कोर्टाच्या खोलीत व्हायची आणि ती खोली मांडून ठेवायचं काम ठाणेदाराच्या बायकोकडे होतं. ती गेली नसती तर गावाला संशय आला असता. म्हणून टोळीतला एकजण पोलिसी गणवेश चढवून तिच्यासोबत गेला आणि खुर्च्या-बाकं मांडायला हात लावून परत आला. गावाने नवे पोलीस आलेत असं समजून रामराम केला असेल. सोमवारी बँक ऑफ न्यू साउथ वेल्समधून दोन हजारांवर पौंड काढले, आणि हो, कर्जाचे कागद जाळले. ज्यांचे कागद जळले त्यांचं कर्ज सरकारदरबारी खरोखर मिटलं का हा भाग वेगळा, पण ती बातमी माळावरच्या प्रत्येक झोपडीत पोचली.

जेरिल्डरीला नेड मुळात एक पत्र छापून घ्यायला गेला होता. त्याने तोंडी सांगितलेलं, जो बर्नने लिहून घेतलेलं, सुमारे आठ हजार शब्दांचं. छापखानेवाला संपादक पळून गेला होता म्हणून त्याने ते बँकेच्या हिशेबनिसाकडे दिलं. ते पुढे सरकारकडे गेलं आणि पूर्ण मजकूर लोकांना वाचायला मिळाला तो थेट १९३० मध्ये. आज मूळ कागद मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत आहेत. विरामचिन्हं जवळपास नाहीत. माणूस समोर बसून, श्वास न घेता, भांडल्यासारखा बोलतोय असं वाटतं. पोलिसांना तो मोठ्या पोटाचे, वॉम्बॅटच्या डोक्याचे, मॅगपाय पक्ष्यासारख्या काटकुळ्या पायांचे म्हणतो. आणि मध्येच आईचा विषय निघतो.

---

निळी_शाई

लेख मनापासून लिहिलाय हे दिसतंय, पण मला एका ठिकाणी थांबायचंय. "तीन पोलीस मेले." एवढंच?

माझे वडील पोलीस हवालदार होते. रात्री-अपरात्री कुठल्याशा वस्तीवर जायचे तेव्हा आई जागी असायची, आम्ही भावंडं झोपल्याचं सोंग करायचो. म्हणून मला त्या तिघांची नावं हवी आहेत. सार्जंट मायकेल केनेडी, कॉन्स्टेबल थॉमस लोनिगन, कॉन्स्टेबल मायकेल स्कॅनलन. केनेडी आणि लोनिगन यांच्या घरी बायका-मुलं होती. आणि हे तिघेही आयर्लंडमध्येच जन्मलेले, केलीच्या बापासारखेच पोटासाठी समुद्र ओलांडून आलेले. जमीन त्यांनी हडपली नव्हती. कोंडवाडा त्यांनी बांधला नव्हता.

भाकरी कोणी पोचवली हा प्रश्न चांगला आहे. पण लोनिगनच्या घरात नंतर भाकरी कोणी घातली, हेही विचारा.

---

माळावरचा

निळी_शाई ताई, तुमचं बरोबर आहे. मी ते एका ओळीत उरकलं ही चूक माझी. नावं तुम्ही दिलीत, त्याबद्दल आभार.

त्या तिघांच्या कबरी मॅन्सफील्डला आहेत. गावाच्या मधोमध, चौकात, संगमरवरी स्मारक आहे. लोकांनी वर्गणी काढून १८८० मध्ये उभारलं, म्हणजे नेड जिवंत असतानाच. केनेडी पळत पळत झाडाआडून लढला आणि शेवटी जखमी पडला. नेडने नंतर सांगितलं की त्याचे हाल होऊ नयेत म्हणून मी शेवटची गोळी घातली, आणि मग त्याच्याच झग्याने त्याला झाकलं. मी हे कितीदा वाचलं तरी ती दया होती असं माझ्याने म्हणवत नाही. घरी परत जाऊ पाहणाऱ्या माणसाला जगू द्यायला हवं होतं.

नेडचा राग खरा होता आणि ते तीन मुडदेही खरे होते. त्यातलं एक दुसऱ्याच्या वजाबाकीत घालता येत नाही.

---

पाटाचं_पाणी

याआधीच्या बुशरेंजरांबद्दल थोडं लिहाल का? नेड केलीचं नाव ऐकलं होतं, बाकी कोरी पाटी.

---

माळावरचा

थोडक्यात सांगतो, कारण यांतल्या प्रत्येकावर धागा होईल.

पहिला म्हणून नाव घेतात ते जॉन सीझरचं, 'ब्लॅक सीझर'. आफ्रिकी वंशाचा कैदी, १७८८ मध्ये पहिल्याच ताफ्यातून आलेला, धिप्पाड. कैद्यांना मिळणाऱ्या शिध्यात त्याचं पोट भरत नसे, म्हणून पहिल्यांदा पळाला. १७९६ मध्ये त्याच्यावर पाच गॅलन रमचं बक्षीस लागलं आणि त्याच वर्षी तो मारला गेला.

टास्मानियात मॅथ्यू ब्रेडी. मॅक्वारी हार्बरच्या कैदखान्यातून १८२४ मध्ये होडी घेऊन निसटला. बायकांशी अदबीने वागे, असं त्याचं नाव होतं. गव्हर्नर आर्थर यांनी त्याच्यावर इनाम लावलं, तर याने एका खानावळीच्या दारावर उलट जाहीरनामा डकवला: गव्हर्नरला आणून देणाऱ्यास वीस गॅलन रम. १८२६ मध्ये होबार्टला फाशी. सासवडकर, फडक्यांनी मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर इनाम लावलं होतं ते आठवलं ना?

मग बेन हॉल. याच्याबद्दल मला जास्त वाटतं. न्यू साउथ वेल्समध्ये फोर्ब्सकडे गुरं पाळून राहणारा माणूस, स्वतःचं रान, घर, बायको, मूल. बायको सोडून गेली. संशयावरून दोनदा पकडला गेला, सुटला, आणि घरी आला तर पोलिसांनी घर जाळलेलं, गुरं वाड्यात कोंडलेली तशीच पाण्यावाचून मेलेली. जून १८६२ मध्ये युगौरा रॉक्सला फ्रँक गार्डिनरने सोन्याची गाडी लुटली, सुमारे चौदा हजार पौंडांचा ऐवज, त्यातही हॉल होता. ऑक्टोबर १८६३ मध्ये त्याच्या टोळीने कॅनोविंड्रा हे गाव तीन दिवस ताब्यात ठेवलं. हॉटेलात सगळ्यांना बोलावून खाऊपिऊ घातलं, नाचगाणी झाली, आणि जाताना हॉटेलवाल्याचे पैसे चुकते केले. त्याने स्वतः कोणाचा जीव घेतला नाही असं मानतात, त्याच्या साथीदारांनी मात्र घेतला. मे १८६५ मध्ये पहाटे पोलिसांनी त्याला घेरून मारलं, अंगात तीसएक गोळ्या. खबर त्याच्याच ओळखीच्या माणसाने दिली होती.

जाता जाता एक शब्द. गाडी अडवताना हे लोक "बेल अप!" असं ओरडत. धार काढताना गायीने हलू नये म्हणून तिची मान ज्या लाकडी चौकटीत अडकवतात ती 'बेल'. गोठ्यातला शब्द वाटमारीत आला. माणसं कुठून आली होती ते या एका शब्दात कळतं.

---

तापीकाठ

तुम्ही स्क्वॉटर आणि सिलेक्टर यांच्या भांडणाबद्दल लिहिताय. पण ते भांडण ज्या जमिनीवरून होतं, ती दोघांचीही नव्हती. त्या डोंगरांत, ओढ्यांवर हजारो वर्षं राहणारे मूळचे लोक होते. १८३८ मध्ये बेनालाच्याच नदीकाठी त्यांनी मेंढ्या घेऊन आलेल्या फेथफुल बंधूंच्या माणसांवर हल्ला केला, आणि त्यानंतर किती वर्षं गोऱ्यांनी सूड म्हणून त्यांना मारलं. युरोआजवळ केलीच्या टोळीने ओलीस ठेवले ते फेथफुल्स क्रीकच्या वाड्यावर. आडनाव तेच.

आणि केलीला सर्वात जास्त धाक कुणाचा होता? क्वीन्सलँडहून आणलेल्या आदिवासी पागींचा, म्हणजे माग काढणाऱ्यांचा. मोडलेली काडी आणि उलटलेला दगड बघून तीन दिवसांपूर्वीचा घोडा सांगणारे सहा तरुण, आपल्या मुलखापासून फार दूर, थंडीत आणलेले. त्यांतला एक तिथेच आजारी पडून मेला. बक्षिसाची वाटणी झाली तेव्हा त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या हातात दिलीच नाही, कारण म्हणे यांना पैशाचा उपयोग कळत नाही.

मी खानदेशातली. आमच्याकडे १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली, भिल्लांचे उठाव मोडायला. जंगल ज्याला वाचता येतं त्याच्याच हातात दोर द्यायचा, ही रीत दोन्हीकडे सारखी. म्हणून हे मला परकं वाटलं नाही.

---

माळावरचा

तापीकाठ ताई, हे माझ्या लेखात हवं होतं आणि नव्हतं. संग्रहालयातही त्या पागींबद्दल मला फार थोडं दिसलं.

पुढचं, भाकरीचं सांगतो. जानेवारी १८७९ मध्ये पोलिसांनी केलीचे नातलग आणि मित्र असे वीसेक लोक धरून तुरुंगात घातले. खटला नाही, पुरावा नाही, दर आठवड्याला तारीख वाढवायची. काहींचे तीन महिन्यांहून जास्त गेले, ऐन कापणीच्या दिवसांत. शेतात पीक उभं आणि माणूस आत. जे लोक तोवर कुंपणावर होते ते त्या उन्हाळ्यात केलीचे झाले. पुढे तर संशयितांना नवी जमीन द्यायची नाही अशी यादीच पोलिसांनी केली.

चिलखत हे त्याच लोकांनी पुरवलेल्या लोखंडाचं. लोखंडी नांगराची माती पलटवणारी पाती आणून, जंगलातल्या साध्या भट्टीवर लाल करून, ओंडक्यावर ठोकून वाकवलेली. स्टेट लायब्ररीत नेडचं चिलखत बघितलं. ४४ किलो. हातोड्याच्या खुणा अजून दिसतात, गोळ्यांच्या खळग्यांशेजारीच. पाय मात्र उघडे राहिले.

---

खडू_फळा

मी शिक्षिका आहे, म्हणून थॉमस कर्नो या मास्तरांबद्दल लिहायलाच हवं. या गोष्टीत मला सर्वात जवळचा माणूस तो वाटतो.

केलीचा बेत असा होता: आधी बेचवर्थजवळ खबऱ्या समजून अ‍ॅरन शेरिटला, म्हणजे जो बर्नच्या बालमित्राला, मारायचं. मग मेलबर्नहून पोलिसांची खास गाडी येईल, ती ग्लेनरोवनच्या पुढे रूळ उखडून पाडायची. गाव ओलीस धरलं, साठेक माणसं अ‍ॅन जोन्सच्या खानावळीत. त्यात कर्नो मास्तर, बायको, बहीण, लहान मूल. मास्तर पायाने अधू होते. त्यांनी दिवसभर नेडशी गोड बोलून विश्वास मिळवला, बायकोला बरं नाही म्हणून रात्री घरी जाऊ द्या म्हणाले. नेडने सोडलं. घरी गेल्यावर बायको रडून सांगत होती, जाऊ नका, आपल्या सगळ्यांना मारतील. ते मेणबत्ती आणि बहिणीचा लाल रुमाल घेऊन रुळांवर गेले आणि पहाटेच्या अंधारात गाडी थांबवली.

गाडीत पोलीस होते, पागी होते, वार्ताहर होते, बायकाही होत्या. नंतर मास्तरांना त्या भागात राहता आलं नाही, बदली घेऊन दूर जावं लागलं. तुमच्या प्रश्नाला जोडून विचारते, माळावरचा: केलीला भाकरी पोचवणारे जसे गावचे होते, तसा हा मास्तरही गावचाच ना?

---

माळावरचा

हो ताई, गावचाच. आणि ती गाडी रुळावरून दरीत गेली असती तर आज मी त्या पट्ट्यापुढे उभा राहिलो नसतो.

त्या रात्री खानावळीच्या फळ्यांच्या भिंतींतून पोलिसांच्या गोळ्या आत गेल्या. अ‍ॅन जोन्सचा तेरा वर्षांचा मुलगा जॉन गेला. म्हातारा मार्टिन चेरी गेला. जो बर्न आत पडला, डॅन आणि स्टीव्ह हार्ट आतच मेले, शेवटी खानावळ पेटवून दिली. पहाटे धुक्यातून नेड चिलखत घालून पोलिसांच्या पाठीमागून आला, भावासाठी परत आला असं म्हणतात. पायांवर गोळ्या बसल्या आणि कोसळला. अंगावर २८ जखमा.

खटला रेडमंड बॅरींपुढेच चालला, आईला शिक्षा देणाऱ्या त्याच न्यायाधीशांपुढे. दोन दिवसांत संपला. फाशी माफ करा म्हणून तीस हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. ११ नोव्हेंबर १८८० ला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी झाली, वय २५. पुढल्या वर्षी सरकारला पोलीस खात्याचीच चौकशी करायला आयोग नेमावा लागला, आणि काही अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

---

सासवडकर

आणि आई?

---

माळावरचा

आई त्याच तुरुंगात होती. तिची शिक्षा संपायची होती, धोबीखान्यात काम करत होती. फाशीच्या आदल्या दिवशी तिला मुलाला भेटू दिलं. १८८१ च्या सुरुवातीला ती सुटली, ग्रेटाला परत गेली आणि १९२३ पर्यंत जगली.

नेडचं शरीर तुरुंगाच्या आवारात पुरलं होतं, १९२९ मध्ये तिथलं बांधकाम पाडताना हाडं पेंट्रिजच्या तुरुंगात हलवली. २०११ मध्ये डीएनए तपासून ओळख पटली, आणि २० जानेवारी २०१३ ला घरच्यांनी त्याला ग्रेटाच्या दफनभूमीत आईजवळ ठेवलं. मी तिथेही जाऊन आलो. दगड नाही, नाव नाही, खूण नाही. कोणी उकरू नये म्हणून वर सिमेंट ओतलंय. सभोवती वाळकं पिवळं गवत, कुंपणापलीकडे कोणाची तरी गुरं चरत होती.